ग्राफ्टचा सीटी उघडण्याआधी तारीख विचारा

रेडिओलॉजीच्या पहिल्या वर्षाला आलेल्यांना माझं एकच सांगणं आहे. रक्तवाहिनीला कृत्रिम ग्राफ्ट, म्हणजे रक्त वाहून नेणारी नळी, बसवलेला पेशंट इन्फेक्शनच्या शंकेने आला, तर सीटी उघडण्याआधी ऑपरेशनची तारीख हातात असू द्या.

मला हे सांगलीत तासगावकडच्या एका द्राक्ष बागायतदारांमुळे कळलं. पायाचा बायपास झालेला, जांघेतल्या जखमेतून अधूनमधून पाणी यायचं, अंगात कणकण. फॉर्मवर 'पोस्ट-ऑप, ग्राफ्ट इन्फेक्शन?' एवढंच लिहिलेलं. सीटी अँजिओत, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणाऱ्या सीटीत, ग्राफ्टभोवती थोडं पाणी आणि हवेचे दोन बुडबुडे होते. ऑपरेशन ताजं असणार असं मी धरून चाललो आणि 'ऑपरेशननंतरचे अपेक्षित बदल' असं लिहून टाकलं. सरांनी सही केली नाही. ते उठून बाहेर बाकावर बसलेल्या काकांकडे गेले.

"ऑपरेशन कधी झालं, काका?"

"खरड छाटणी उरकली आन् लगेच अ‍ॅडमिट झालो बघा."

खरड छाटणी एप्रिलमधली. त्या दिवशी तासगावात ऑक्टोबरची फळछाटणी चालू होती. म्हणजे सहा महिने!

ऑपरेशनच्या वेळी आत राहिलेली हवा काही आठवड्यांत शोषली जाते. ग्राफ्टचं इन्फेक्शन ओळखायच्या २०१६ च्या 'मॅजिक' निकषांत ७ आठवड्यांनंतरही दिसणारी हवा आणि ३ महिन्यांनंतरही टिकलेलं पाणी, दोन्ही इन्फेक्शनची मोठी खूण मानली आहे. ते निकष महाधमनीच्या ग्राफ्टसाठी आहेत, पण पायाच्या ग्राफ्टलाही विचार तोच लावायचा. मी रिपोर्ट बदलला, सरांनी लगेच सर्जनना फोन केला.

बुडबुडा बघताना विंडो, म्हणजे पडद्यावर काळ्या-पांढऱ्या छटांत दिसणारा घनतेचा पट्टा, रुंद करा. अरुंद विंडोत चरबीही काळीच दिसते. सीटीच्या घनतेच्या मापात (हाउन्सफील्ड युनिट) चरबी उणे १०० च्या आसपास असते, हवा त्याच्या कितीतरी खाली. डायलिसिससाठी हातात बसवलेला किंवा जांघेतला ग्राफ्ट असेल तर आधी सोनोग्राफी करून बघा, भोवतीचं पाणी बेडपाशीच दिसतं.

सीटीवर ठरत नसेल तर पेट-सीटी, म्हणजे किरणोत्सारी औषध टोचून दाहाची जागा उजळून दाखवणारी तपासणी. इथे नवखे हमखास फसतात. ग्राफ्ट शरीराला परका असतो, त्यामुळे इन्फेक्शन नसलेला ग्राफ्टसुद्धा पूर्ण लांबीभर फिकट, एकसारखा उजळतो, आणि वर्षानुवर्षं उजळतो. धास्ती घ्यायची ती एकाच जागी ठळक पेटलेल्या ठिपक्याची, त्यातही सीटीवर तिथेच पाणी असेल तर. ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही महिन्यांत मात्र जखम भरतानाचा दाहही तसाच चमकतो. म्हणजे इथेही तारीख लागतेच. पेशंटला वेळेवर यायला बजावून सांगा: पेट-सीटीचं किरणोत्सारी औषध दर ११० मिनिटांनी निम्मं होतं, पावणेचार तासांत जेमतेम चौथाई उरतं.

आता मी पेशंटशी स्वतः बोलतो. कुणी छाटणी सांगतं, कुणी ऊसतोड, कुणी गावची जत्रा. त्यावरून आठवडे मोजतो आणि रिपोर्टच्या पहिल्याच ओळीत लिहितो.