अंजिराचे झाड आणि मंदिर: मार्क ११ वर अर्थविवरणाचा पेपर कसा लिहावा

सेमिनरीत (धर्मशिक्षणाच्या महाविद्यालयात) अर्थविवरणाचा, म्हणजे बायबलच्या एखाद्या उताऱ्याचा अर्थ उलगडण्याचा, पेपर मिळाला की बहुतेक विद्यार्थी आधी ग्रंथालयात जाऊन तीन-चार भाष्यग्रंथ उचलतात. पेपर बिघडायला सुरुवात होते ती इथेच. भाष्यकाराने विचारलेले प्रश्न आपलेच वाटू लागतात आणि उताऱ्यात डोळ्यांसमोर असलेल्या गोष्टी दिसेनाशा होतात. दोन आठवडे हाताशी असतील तर पहिला आठवडा भाष्यग्रंथ बंदच ठेवा. उदाहरणादाखल मार्ककृत शुभवर्तमानाच्या ११व्या अध्यायातली १२ ते २५ ही वचने (मार्क ११:१२–२५) घेऊ. येशू अंजिराच्या झाडाला शाप देतो, यरुशलेमच्या मंदिरातून विक्रेत्यांना बाहेर काढतो आणि दुसऱ्या दिवशी झाड वाळलेले दिसते, असा हा उतारा आहे.

आधी उताऱ्याची हद्द ठरवा. छापील बायबलमधले मथळे प्रकाशकांनी घातलेले असतात. अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकातली, तर नव्या करारातल्या वचनांचे आकडे १५५१ सालचे आहेत. म्हणून मथळा दिसला तिथे उतारा तोडू नका, काळ आणि स्थळ कुठे बदलते ते पाहा. ११:११ मध्ये येशू मंदिरात सगळीकडे नजर टाकतो आणि संध्याकाळ झाल्यामुळे बेथानीला जातो. १२ मध्ये ‘दुसऱ्या दिवशी’, १९ मध्ये संध्याकाळ, २० मध्ये सकाळ. २७ पासून अधिकाराचा नवा वाद सुरू होतो. म्हणजे १२ ते २५ हा सलग तुकडा आहे आणि ११वे वचन त्याचे दार आहे.

आता उतारा दुप्पट अंतर सोडून स्वतःच्या हाताने लिहून काढा. ग्रीक येत असेल तर ग्रीकमधून, नसेल तर किमान दोन मराठी भाषांतरांतून. बायबल सोसायटीच्या भाषांतराशेजारी पंडिता रमाबाईंचे भाषांतर ठेवा. त्यांनी ते हिब्रू-ग्रीकवरून केले आणि १९२४ मध्ये ते छापले गेले. दोघे जिथे वेगळे बोलतात तिथे वर्तुळ करा, कारण तिथे मूळ मजकुरात बहुधा काहीतरी अडचण असते. मग रंगीत पेन्सिली घ्या: काळाला एक रंग, स्थळाला दुसरा, क्रियापदांना तिसरा, जुन्या करारातल्या अवतरणांना चौथा.

असे केल्यावर रचना आपोआप वर येते. झाड, मंदिर, पुन्हा झाड. मार्कला ही घडण आवडते. याईराची मुलगी आणि रक्तस्राव असलेली स्त्री (५:२१–४३) इथेही एका कथेच्या पोटात दुसरी आहे. अशा ठिकाणी बाहेरची कथा आतल्या कथेचा अर्थ लावते. १४ आणि १८ ही वचने शेजारी ठेवून पाहा: येशू झाडाशी बोलला ते त्याच्या शिष्यांनी ऐकले, मंदिरात बोलला ते मुख्य याजकांनी व शास्त्र्यांनी ऐकले. एकाच क्रियापदाने मार्कने दोन्ही प्रसंग बांधले आहेत. ही जोडी तुमची तुम्हाला सापडली पाहिजे. पेपरचे खरे बळ अशाच निरीक्षणांत असते.

पाठभेदाकडे, म्हणजे जुन्या हस्तलिखितांत मजकूर जिथे वेगळा आहे तिकडे, दुर्लक्ष करू नका. २६वे वचन तुमच्या बायबलमध्ये कंसात किंवा तळटीपेत असेल, तर त्याला कारण आहे: सिनायटिकस आणि व्हॅटिकनस या चौथ्या शतकातल्या हस्तलिखितांत ते नाही. मत्तय ६:१५ शी त्याचे इतके साम्य आहे की नकलाकाराने ते तिथून आणले असण्याचीच शक्यता जास्त. यावर पेपरात एक परिच्छेद पुरे.

सर्वाधिक वेळ १७व्या वचनाला द्या. येशू तिथे यशया ५६:७ आणि यिर्मया ७:११ एकत्र आणतो. फक्त तेवढी दोन वचने वाचून थांबलात तर अर्थ निसटतो. यशया ५६:३–८ वाचा: तिथे परदेशीय आणि षंढ यांना देवाच्या घरात जागा आहे. ‘सर्व राष्ट्रांसाठी’ हे शब्द मत्तय आणि लूक यांच्या वृत्तांतात नाहीत, मार्कने मात्र ठेवले आहेत. मग यिर्मया ७:१–१५ वाचा. लोक चोरी, खून, व्यभिचार करतात आणि मंदिरात येऊन ‘आम्ही सुरक्षित आहोत’ म्हणतात. लुटारू गुहेत लूटमार करत नाहीत, लूट करून तिथे लपायला येतात. म्हणून ‘व्यापारी भाव जास्त लावत होते’ एवढ्यावर भागत नाही. आणि यिर्मया ८:१३ पर्यंत गेलात तर तिथे ‘अंजिराला अंजीर नाही’ हे सापडेल. होशेय ९:१० आणि मीखा ७:१ हीसुद्धा नोंदवा.

पार्श्वभूमी थोडक्यात द्या. सराफ तिथे होते कारण मंदिराचा अर्धा शेकेल कर (निर्गम ३०:१३) सोर या शहराच्या चांदीच्या नाण्यांत भरावा लागे. कबुतरे हे गरिबांचे अर्पण (लेवीय १२:८). ही घटना वल्हांडण या यहूदी सणाच्या सुमाराची आहे. तो वसंतात येतो, तेव्हा अंजिराला पाने असतात, पण हंगाम उन्हाळ्यात. मार्क तो हंगाम नव्हता असे स्वतःच सांगतो. इथे बरेच विद्यार्थी वनस्पतिशास्त्र सांगून झाडाला दोषी ठरवण्यात दोन पाने घालवतात. ते वाक्य वाचकाला थांबवण्यासाठी आहे, त्याची अडचण पेपरातही राहू द्या.

आता भाष्यग्रंथ उघडा. वेगवेगळ्या परंपरांचे तीन पुरेत. ‘या डोंगराला’ (व. २३) म्हणजे जैतुनाचा डोंगर की मंदिराचा, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. दोन्ही बाजू मांडून आपली निवड कारणासह लिहा. नुसते ‘काही विद्वान म्हणतात’ लिहून सोडलेत तर गुण जातात.

शेवटी सगळ्या पेपरचा दावा एका वाक्यात लिहून पाहा. जमत नसेल तर परत रंगीत पानाकडे जा. उतारा आजच्या जीवनाला लागू करण्याच्या भागात दोन चुका हमखास होतात. पहिली, २२–२४ ही वचने मंदिरापासून तोडून ‘मागाल ते मिळेल’ असा उपदेश करणे, आणि २५व्या वचनातली क्षमा गाळणे. दुसरी अधिक गंभीर आहे: वाळलेले झाड म्हणजे यहूदी लोक, असे लिहिणे. येशू इथे यहूदी संदेष्ट्यांच्याच शब्दांत बोलतो, चिडतात ते मुख्य याजक आणि शास्त्री, आणि लोकसमुदाय त्याच्या शिक्षणाने थक्क होतो (व. १८). टीकेचा रोख मंदिर चालवणाऱ्यांवर आहे. आपल्या मंडळीत ती जागा कोणाची, हा प्रश्न लागू करण्याच्या भागात नावे न घेता पण स्पष्ट विचारा.