नवी मंडळी सुरू करण्याआधी खर्च मांडा

चाकण, म्हाळुंगे, तळेगाव या पट्ट्यात कारखान्यांत कामाला आलेल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांमध्ये मी बरीच वर्षं प्रार्थनासभा घेतो आहे. यातले पुष्कळ जण राहुरी, श्रीरामपूर, नेवासा, जालना या बाजूचे, पणजोबांपासून विश्वासात असलेले. गावी चर्च चालत जाण्याच्या अंतरावर होतं, पाळक घरी यायचे, मुलं संडेस्कूलला जायची. इथे आल्यावर सगळ्यात आधी तेच सुटतं. पुण्यातली जुनी मराठी चर्चेस मुख्यतः कॅम्प, पेठा, खडकी या भागांत. त्यात या भागातल्या अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी असते गुरुवारी. रविवारी सकाळी माणूस लाइनवर उभा असतो, नाहीतर नाइट करून झोपलेला असतो. अशी दोन-तीन वर्षं गेली की चर्च नाताळ आणि ईस्टरपुरतं उरतं.

म्हणून ‘आहेत तीच चर्चेस भरत नाहीत, मग नवी कशाला?’ असं कुणी विचारलं की मी सांगतो, माणसं जिथे राहायला गेली तिथे मंडळी, म्हणजे चर्चचा समुदाय, गेली पाहिजे. आपल्याकडे हेच होत आलं आहे. १८१३ मध्ये अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले, १८३१ मध्ये त्यांचं काम अहमदनगरला सुरू झालं, आणि तिथून ते खेड्यांत गेलं, कारण लोक खेड्यांत होते. आज त्याच खेड्यांतली नातवंडं एमआयडीसीच्या चाळींत आणि वन-आरकेत राहतात. शिवाय इथे असे शेजारीही आहेत ज्यांनी शुभवर्तमान कधी नीट ऐकलेलंच नाही. येशूवर माणसाने स्वतः विश्वास ठेवावा आणि शास्त्र स्वतः वाचावं, असं आम्ही सुवार्तिक मंडळीचे लोक मानतो. ते सांगायला जवळ राहणारी माणसं लागतात.

मात्र ज्या गल्लीत आधीच एक मराठी मंडळी नीट चालू आहे, तिथे दुसरा बोर्ड लावू नका. दुसऱ्याच्या मंडळीतली दहा घरं उचलून आणणं म्हणजे मंडळी स्थापन करणं नव्हे. एक तुकडा पडतो, एवढंच.

आता खर्च. नवीन भाऊ-बहिणी माझ्याकडे येतात तेव्हा हॉलचं भाडं, माइक, कीबोर्ड, खुर्च्या यांचा हिशेब घेऊन येतात. मी त्यांना पहिला प्रश्न विचारतो: तुमच्यातलं कुणी उद्या वारलं तर माती कुठे देणार? शहरातल्या बऱ्याच ख्रिस्ती दफनभूमी जुन्या चर्चेसच्या किंवा त्यांच्या ट्रस्टच्या ताब्यात आहेत, आणि तिथे पहिल्यांदा विचारतात, नाव कुठल्या मंडळीच्या यादीत आहे? आमच्या गटातल्या एका घरातली आजी वारली, तेव्हा शहरातल्या एका जुन्या मंडळीच्या वडीलजनांनी रात्री फोन उचलला आणि सकाळी जागा दिली. ते घडलं ओळखीमुळे, आणि ती ओळख आधीपासून जपलेली होती. तेव्हा पहिली प्रार्थनासभा घेण्याआधी जवळच्या जुन्या मंडळीच्या पाळकांना जाऊन भेटा. त्यांच्या मनात तुमच्याबद्दल शंका असेल. ती ऐकून घ्या, काय करणार आहात ते स्पष्ट सांगा. महापालिकेची किंवा नगरपरिषदेची ख्रिस्ती दफनभूमी आहे का, तेही विचारून ठेवा.

लग्नाचंही तसंच. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे लग्न लावण्याचा अधिकार असावा लागतो, आणि स्वतंत्र मंडळीच्या पाळकाला त्यासाठी सरकारी परवाना लागतो. परवाना नसताना हौसेने लग्न लावलं तर पुढे पासपोर्टच्या किंवा वारसाहक्काच्या वेळी त्या जोडप्याला त्रास होतो. रविवारी गाणारा गट जमवणं फार अवघड नाही. त्या गटाला माणसाच्या जन्मापासून मातीपर्यंत सोबत राहायचं आहे. खर्च मांडायचा तो त्याचा.

पैशाचा हिशेब तुलनेने सोपा आहे. दहा घरांनी खरोखर दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, दिला तर एका सरासरी घराचं उत्पन्न उभं राहतं, म्हणजे पाळकाचं कुटुंब त्या लोकांसारखंच जगू शकतं. वीस-वीस हजार पगाराची दहा घरं असतील तर महिन्याला वीस हजार. पण जागेचं भाडं त्यात बसत नाही, आणि सगळी घरं नियमित देतील असंही नाही. ज्यांच्या घरी गावाकडे पैसे पाठवायचे असतात, त्यांच्यावर दशमांशाचा दबाव आणू नये, असं माझं ठाम मत आहे. म्हणून सुरुवातीची वर्षं पाळकाने नोकरी करावी. बायबलमधला प्रेषित पौलही सेवा करता करता तंबू शिवत होता. आमच्याकडे सेवा करणारे काही जण क्वालिटी डिपार्टमेंटला आहेत, एक जण टेम्पो चालवतो.

परदेशी पैशाची आशा सोडून द्या. परदेशी देणग्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या एफसीआरए कायद्याखाली नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी असावी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा एका संस्थेला दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही आणि तो स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतच घ्यावा लागतो. पण कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं. ख्रिस्ती झालेले मराठी कवी नारायण वामन टिळक यांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. मराठी ख्रिस्ती माणसाने स्वतःच्या पायावर उभं राहावं ही त्यांची तळमळ शंभर वर्षांनंतरही जुनी झालेली नाही.

मंडळी स्थिर झाली की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे ट्रस्टची नोंदणी करा. दरवर्षी ऑडिट करा, आणि विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट भरा. निव्वळ धार्मिक ट्रस्टला देणगी देणाऱ्याला त्यावर आयकरात सवलत मिळत नाही, हे देणाऱ्यांना आधीच सांगा. भाड्याची जागा घेताना लिव्ह अँड लायसन्स करार रजिस्टर करून घ्या आणि वापर ‘उपासना’ असा स्पष्ट लिहा. बहुतेक करार अकरा महिन्यांचे असतात, म्हणजे दरवर्षी घरमालकाच्या मनाची धाकधूक आहेच. निवासी भागात दिवसा आवाजाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. छोट्या खोलीत माइकची गरजच नसते, माइक टाळला की शेजाऱ्यांशी निम्मी भांडणं टळतात.

सगळ्यात जड किंमत मात्र नव्याने विश्वासात येणारा माणूस मोजतो, आणि त्याबद्दल आपल्या सभांमध्ये फार कमी बोललं जातं. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच आहे. ख्रिस्ती झालेल्या दलित माणसाला तो राहत नाही. मुलाची शिष्यवृत्ती, नोकरीतली राखीव जागा, निवडणुकीत राखीव जागेवरची उमेदवारी, सगळ्यावर परिणाम होतो. हा कायदा मला अन्यायाचा वाटतो, पण आज तो आहे. बाप्तिस्म्याच्या वर्गात हे पहिल्याच भेटीत सांगा, घरच्यांशी बोलायला वेळ द्या. घाई करू नका आणि कागदावर एक, प्रत्यक्षात दुसरं असं जगायला कुणाला शिकवू नका. संविधानाचं कलम २५ धर्माचा प्रचार करण्याचं स्वातंत्र्य देतं, पण १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा मूलभूत हक्क त्यात येत नाही. तेव्हा मदत आमिष ठरू नये म्हणून औषधपाणी, शिकवणी, किराणा, जी मदत कराल ती प्रार्थनेला न येणाऱ्यालाही तशीच द्या.

आणखी एक खर्च पाळकाच्या घरचा. सभा त्याच्या दोन खोल्यांत भरते, चहा त्याची बायको करते, मुलांचा अभ्यास जिन्यात होतो. सुरुवातीलाच ठरवा: आठवड्यातला एक दिवस त्यांच्या घरी कुणी जायचं नाही, सभा आळीपाळीने घरोघरी, आणि चहा ज्याच्या घरी सभा त्याच्याकडे.

पहिलं वर्षभर हॉल घेऊ नका. चार-पाच घरं पुरेत. सभा कुठल्या वारी, हे शिफ्टचं वेळापत्रक बघून ठरवा. आमची मुख्य सभा गुरुवारी सकाळी होते, आणि रविवारी संध्याकाळी जे मोकळे असतील ते येतात. अर्पणाचा हिशेब दोघांनी मोजून, सही करून, महिन्याच्या शेवटी सगळ्यांसमोर वाचा. त्या रकमेतला ठरावीक भाग पहिल्या महिन्यापासून बाजूला काढा, दवाखान्यासाठी आणि मयतीसाठी.