सव्हाना व्ह्यूचे जादा पैसे कधी मोजावेत?

फ्लोरिडात डिस्नेचं ॲनिमल किंगडम लॉज आहे. २००१ साली सुरू झालेलं हे रिसॉर्ट आफ्रिकन सफारीच्या धर्तीवर बांधलंय आणि काही खोल्यांच्या बाल्कनीतून जिराफ, झेब्रे चरताना दिसतात. ‘काही’ हा शब्द महत्त्वाचा! बुकिंग करताना ‘सव्हाना व्ह्यू’ (म्हणजे प्राणी चरतात त्या गवताळ कुरणाकडे तोंड असलेली खोली) असं स्पष्ट लिहिलंय ना, ते बघा. नाहीतर नशिबी स्विमिंग पूल किंवा पार्किंग येतं.

मात्र दिवसभर थीम पार्कमध्ये भटकून रात्री फक्त झोपायला येणार असाल, तर हे जादा पैसे वायाच. जाम्बो हाउस आणि किदानी व्हिलेज या दोन्ही इमारतींजवळ प्राणी बघायला सगळ्यांसाठी मोकळ्या जागा आहेत. किदानीतल्या ‘सना’ रेस्टॉरंटच्या खिडक्यांतूनही सव्हाना दिसते, टेबल तेवढं आधी राखून ठेवा. सव्हाना व्ह्यू घेतलाच, तर एक अख्खा दिवस कुठेही न जाता तिथेच काढा. सकाळी लवकर उठून चहाचा कप घेऊन बाल्कनीत बसण्यातच खरी मजा आहे.

मुलांना आधीच सांगून ठेवा, हत्ती आणि सिंह इथे नाहीत, ते ॲनिमल किंगडम पार्कातल्या सफारीत भेटतील. दुर्बीण न्या. कॉरिडॉर भलतेच लांब आहेत, लहान मूल असेल तर स्ट्रोलर हवाच. आणि बाल्कनीतून बिस्किटं टाकायची नाहीत, अगदी जिराफ बघत उभा असला तरी!