लंडनमधलं सुरुवातीच्या व्हिक्टोरियन काळातलं जोडघर कसं ओळखायचं

आधी रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवर जा, कारण हे घर जवळून कळतच नाही. सेमी-डिटॅच्ड म्हणजे आपला ट्विन बंगलो, मधे एक सामाईक भिंत आणि दोन्हीकडे एकेक बिऱ्हाड, पण १८३७ नंतरच्या पंधरा-वीस वर्षांतल्या बऱ्याच जोड्या अशा बांधल्यात की लांबून एकच मोठा बंगला वाटावा. ही कल्पना व्हिक्टोरिया राणी १८३७ ला गादीवर यायच्या आधीचीच, लाउडन नावाच्या बागतज्ज्ञाने १८२० च्या दशकात लंडनच्या बेजवॉटर भागात पोर्चेस्टर टेरेसवर अशी जोडी बांधली, मधोमध काचेचा घुमट, आणि एका अर्ध्यात स्वतः राहिला.

आता दारं शोधा. या काळात ती बऱ्याचदा दोन टोकांना, जरा मागे सरकलेल्या बुटक्या भागात असतात, म्हणजे समोरून दोन दारं एकदम दिसत नाहीत आणि एका घराचा भास टिकतो. मग छप्पर बघा, उतार कमी, वेल्सची स्लेट म्हणजे पातळ दगडी फरश्या, पुढे आलेली पागोळी, खाली लाकडी ब्रॅकेट, आणि धुराडी मधल्या भिंतीवर एकत्र. हा इटालियन थाट तेव्हा फार चालायचा. पण लंडनमधल्याच डी बोव्हार स्क्वेअरला गेलात तर तिथे वळणदार गेबलवाल्या, म्हणजे छपराच्या टोकाशी उंच नक्षीदार भिंत असलेल्या जोड्या आहेत, त्याही याच काळातल्या, त्यामुळे नुसत्या छपरावर जाऊ नका.

खिडक्यांवर मात्र नीट वेळ घालवा. काचेवरचा कर १८४५ ला गेला, खिडक्यांवरचा १८५१ ला, आणि त्याच सुमारास मोठ्या काचाही स्वस्त होत गेल्या. म्हणून वर-खाली सरकणाऱ्या दोन चौकटींच्या खिडकीत वर सहा खाली सहा अशा छोट्या काचा असतील तर खिडकी बहुधा आधीच्या पद्धतीची, आणि वर दोन खाली दोन असतील तर नंतरची. वरच्या चौकटीच्या खालच्या कोपऱ्यांना लाकडाची छोटी शिंगं दिसली तर तीही नंतरचीच खूण, जड काच पेलायला सांधा मजबूत हवा ना. फक्त खिडक्या नंतर बदललेल्या असू शकतात, तेव्हा घराचं वय एकट्या खिडकीवरून ठरवू नका, छप्पर दारं सगळं जुळतंय का बघा.

भिंतीत खालचा मजला स्टको, म्हणजे दगडासारख्या रेघा मारलेला गिलावा, आणि वर लंडन स्टॉक नावाच्या पिवळसर विटा, हे कॉम्बिनेशन खूप दिसेल.

आणि असं घर घेतलंच असेल तर कळकळीने सांगते, विटांच्या सांध्यात सिमेंट भरू देऊ नका, चुनाच वापरा. चुन्यातून ओल बाहेर पडते, सिमेंटने ती आत अडकते आणि थंडीत गोठून विटेचा पापुद्राच सुटतो. बाहेरून रंग द्यायच्या आधी शेजाऱ्यांशी बोला, अर्धा पांढरा अर्धा निळा झाला की तो एका बंगल्याचा भास गेलाच.