आधी धूळ, मग समुद्र: टांझानियाची सफारी आणि झांजिबार एकाच ट्रिपमध्ये कसं बसवायचं

वाघासाठी ताडोबा आणि समुद्रासाठी तारकर्ली असं आपण वेगवेगळं करतोच. पण एकाच सुट्टीत सिंहपण हवेत आणि निळंशार पाणीपण हवं, तर टांझानियाइतकी सोय फार कमी देशांत आहे. सेरेंगेटीचं जंगल आणि झांजिबार बेट एकाच देशात, व्हिसा एकच, आणि मध्ये फक्त एक छोटं विमान. तरी आपल्याकडचे बरेच जण परत येऊन सांगतात की मजा आली पण जाम दमलो. कारण काय, तर सफारीचं पॅकेज एकाकडून, बीचचं हॉटेल दुसरीकडून, आणि दोघांच्या मधला जो एक दिवस असतो ना त्याचा विचार कोणीच केलेला नसतो. माझं पहिल्या वेळी हेच झालं, त्यामुळे खाली जे लिहिलंय ते सगळं त्या मधल्या दिवसाभोवती फिरतं, आधी तो जोड पक्का करायचा आणि मग दोन्ही बाजूंनी ट्रिप वाढवायची.

१. महिना आधी ठरवा, आणि मे महिना विसरा

आपली सगळ्यात मोठी अडचण म्हणजे शाळेची उन्हाळी सुट्टी. एप्रिल-मे हा तिकडचा मोठा पाऊस, त्याला तिथे मसिका म्हणतात, आणि तो जंगलात रस्त्यांचा चिखल करतो आणि बीचवर आभाळ भरून ठेवतो. काही लॉज आणि हॉटेलं तेव्हा चक्क बंद असतात. स्वस्त मिळतं म्हणून जाणारे जातात, हिरवळ सुंदर असते हेही खरं, पण एवढे पैसे घालून बीचवर छत्री घेऊन बसायचं असेल तर कोकण काय वाईट आहे.

जून ते ऑक्टोबर कोरडा सीझन, दोन्हीसाठी उत्तम. मुलं शाळेत असतील तर जूनचा पहिला पंधरवडा बघा, शाळा उघडायच्या आत बसतो. दिवाळी ऑक्टोबरात आली तर तीही सुट्टी छान, नोव्हेंबरात गेली तर छोटा पाऊस, म्हणजे वुली, गाठू शकतो, पण तो बहुतेक सरी येऊन जाणारा असतो, मसिकासारखा मुक्कामाला येत नाही. जानेवारी-फेब्रुवारीपण कोरडे आणि गरम.

आता मायग्रेशनचं. साधारण १५ लाख विल्डबीस्ट (हरणांच्या कुळातला मोठा शिंगवाला प्राणी) आणि त्यांच्यासोबत लाखो झेब्रे वर्षभर गोल फिरत असतात, म्हणजे ते कधी "सुरू" होत नाही, फक्त तुम्ही कुठे उभं राहायचं ते बदलतं. जानेवारीअखेर ते मार्च दक्षिणेला नडुटूच्या मैदानात पिल्लं जन्मतात, मे-जूनच्या सुमाराला कळप पश्चिमेकडे सरकतात, आणि जुलै ते ऑक्टोबर उत्तरेला मारा नदीपाशी, नदी ओलांडतानाचा मगरींवाला सीन तिथला. हे महत्त्वाचं अशासाठी की उत्तरेचं एअरस्ट्रिप कोगाटेंडे आणि मधलं सेरोनेरा, आणि तुमचं झांजिबारचं विमान कुठून सुटणार हे यावर ठरतं. आधी सेरोनेराचं तिकीट काढलं आणि नंतर कळलं की कळप उत्तरेला आहेत, तर मग शेवटच्या दिवशी गाडीत हाडं खिळखिळी करून घ्यायची.

२. क्रम उलटा करू नका

आधी जंगल, मग समुद्र. सफारीत पहाटे साडेपाचला उठायचं, दिवसभर लँड क्रूझरच्या उघड्या टपातून डोकं काढून उभं राहायचं, कानात केसात सगळीकडे धूळ. चार दिवसांनी अंग बोलायला लागतं, तेव्हा बीच हवाच असतो. उलट केलंत तर आरामात सैलावलेलं शरीर पुन्हा पहाटे उठवायचं, ते फार जिवावर येतं. आणि एक गोष्ट डायव्हिंगवाल्यांसाठी: स्कूबा केल्यावर निदान १८ तास विमानात बसायचं नसतं, त्यामुळे बीच आधी ठेवला तर एक दिवस उगाच जातो.

३. तिकीट जाताना एका विमानतळाचं, येताना दुसऱ्याचं

मुंबईहून अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे किलिमांजारो विमानतळावर उतरायचं आणि परतीचं झांजिबारवरून काढायचं. बुकिंग साइटवर "मल्टी सिटी" निवडा. रिटर्न तिकीट किलिमांजारोचंच काढलं की बीचवरून परत अरुशाला, म्हणजे त्या विमानतळाजवळच्या सफारीवाल्यांच्या शहरात, यावं लागतं, आणि वाचलेले पैसे त्या एका उलट्या फेरीत जातात, वर अख्खा दिवस.

४. सफारी: गाडीने आत जा, विमानाने बाहेर पडा

हाच तो जोड. अरुशाहून सेरेंगेटीच्या मध्यापर्यंत गाडीने ७-८ तास लागतात. बहुतेक स्वस्त पॅकेजमध्ये तोच रस्ता परतीलाही असतो, मग अरुशात मुक्काम, मग दुसऱ्या दिवशी झांजिबार. म्हणजे दोन दिवस प्रवासात. त्याऐवजी जाताना वाटेतली पार्क बघत बघत आत जायचं आणि सेरेंगेटीतूनच छोट्या विमानाने थेट झांजिबार गाठायचं. हे विमान स्वस्त नाही, बसल्यावर एसटीसारखं मध्ये दोन-तीन ठिकाणी थांबतंही, पण सकाळी सिंह बघून संध्याकाळी समुद्रात पाय घालणं फक्त यानेच जमतं.

मला पटलेला आराखडा असा. पहिला दिवस अरुशात पोचून झोप. दुसरा दिवस तारांगिरे पार्क, अरुशाहून दोनेक तास, बाओबाबची अवाढव्य झाडं आणि हत्तींचे कळपच्या कळप, रात्री कराटूला. तिसऱ्या दिवशी भल्या सकाळी न्गोरोंगोरो क्रेटर, म्हणजे जुन्या ज्वालामुखीचं विवर, साधारण ६०० मीटर खोल आणि २६० चौरस किलोमीटरचं ते तळ, एवढ्याशा जागेत सिंह, म्हशी, नशीब असेल तर काळा गेंडा. जिराफ मात्र शोधत बसू नका, क्रेटरच्या उभ्या कडा त्याला उतरवत नाहीत. तिथून पुढे सेरेंगेटीत शिरायचं, चौथा-पाचवा दिवस पूर्ण तिथे, आणि सहाव्या दिवशी सकाळचा गेम ड्राइव्ह (गाडीतून प्राणी बघायची फेरी) थेट एअरस्ट्रिपवर संपवायचा.

खर्चाचं थोडं समजून घ्या म्हणजे कोटेशन वाचता येईल. सेरेंगेटीची फी मुख्य सीझनला परदेशी प्रौढाला ७० डॉलर अधिक १८ टक्के व्हॅट, आणि ती २४ तासांची असते, कॅलेंडरच्या दिवसाची नाही. म्हणून ड्रायव्हर गेटवर वेळ गाठायला घाई करतो, त्याच्यावर चिडू नका. क्रेटरमध्ये उतरायला गाडीमागे वेगळे २५० डॉलर अधिक व्हॅट. आता हा गाडीचा आकडा दोघांत वाटला तर टोचतो आणि सहा जणांत वाटला तर जाणवत नाही, त्यामुळे मित्रांची तीन जोडपी जमवा, एकाच गाडीत खिडकीची सीट सगळ्यांना मिळते. ऑपरेटरला लेखी विचारा: पार्क फी धरलीय का, क्रेटरचं धरलंय का, आतलं विमान धरलंय का. "ऑल इन्क्लुझिव्ह" या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही.

दिवस फक्त सहा-सात असतील तर सेरेंगेटीचा हट्ट सोडा. दक्षिणेला न्येरेरे नॅशनल पार्क आहे, पूर्वीच्या सेलू अभयारण्यातून २०१९ मध्ये वेगळं काढलेलं, झांजिबारच्या बरंच जवळ, आणि तिथे रुफिजी नदीत बोटीतून सफारी होते, पाणघोडे आणि मगरी बोटीच्या बाजूला. गर्दीही कमी.

५. बॅग: १५ किलो, मऊ, चाकं नाहीत

इथे मी माती खाल्ली होती. त्या छोट्या विमानात माणशी १५ किलो, हँडबॅग धरून, आणि बॅग मऊ हवी कारण ती पोटात दाबून बसवतात. मी २३ किलोची कडक कवचाची चाकाची सूटकेस घेऊन धावपट्टीवर, धावपट्टी म्हणजे काय तर गवतातली मुरमाची पट्टी, शेजारी झेब्रे चरतायत, आणि पायलट स्वतः बाहेर येऊन मान हलवतोय. शेवटी सूटकेस गाडीतून अरुशाला परत गेली आणि तिसऱ्या दिवशी झांजिबारला पोचली, तोवर मी बीचवर सफारीची खाकी पँट दुमडून फिरत होतो. बायकोने अजून तो फोटो काढून टाकलेला नाही.

तर काय घ्यायचं. खाकी, तपकिरी, फिकट हिरवे कपडे. निळा आणि काळा रंग नको, त्से त्से माशी त्यावरच येते आणि ती जीन्समधूनसुद्धा चावते. लष्करी छापाचे कॅमोफ्लाज कपडे तर घालूच नका. एक जाड स्वेटर हवाच, क्रेटरचा काठ २,००० मीटरच्या वर आहे, पहाटे महाबळेश्वर विसरायला होतं. बीचचे कपडे किती लागतात असे, चार. दुर्बीण प्रत्येकाला वेगळी, यात काटकसर केली की बिबट्या दिसतो तेव्हा घरात भांडणं. प्लास्टिकच्या पिशव्या घरीच ठेवा, टांझानियात २०१९ पासून बंदी आहे, आपली ती "कपड्यांची पिशवी, चपलांची पिशवी" सवय इथे चालत नाही, कापडी घ्या. प्लग तीन चौकोनी पिनांचा लागतो.

खाण्याचं म्हणाल तर शाकाहारी असाल तर आधीच सांगून ठेवा, नाहीतर दुपारच्या लंच बॉक्समधून चिकनची तंगडी निघते. शंकरपाळे आणि चिवडा घ्या, ड्रायव्हरलापण द्या.

६. कागद आणि औषधं

ई-व्हिसा ऑनलाइन, भारतीयांना सिंगल एंट्री टुरिस्ट ५० डॉलर, सरकारी साइटवरूनच, दिसायला सारख्या दलालांच्या साइट बऱ्याच आहेत. झांजिबारला जाणाऱ्या परदेशी पर्यटकाला ऑक्टोबर २०२४ पासून तिथला सरकारी विमा सक्तीचा आहे, प्रौढाला ४४ डॉलर, आणि तुमचा भारतातला ट्रॅव्हल इन्शुरन्स असला तरी हा वेगळा लागतोच. गंमत म्हणजे विम्याला स्वाहिलीत "बिमा"च म्हणतात, दुकानाला "दुका", गाडीला "गारी", पैशाला "पेसा". सफारी हा शब्दपण त्यांचाच, अरबीतून आलेला, आपला सफर तोच.

यलो फीवरची लस सरकारमान्य केंद्रात, निघायच्या निदान १० दिवस आधी. नैरोबी किंवा अदिसला १२ तासांपेक्षा जास्त थांबलात तर टांझानियात उतरताना कार्ड मागतात, आणि परत येताना आपल्या विमानतळावर कार्ड नसेल तर ६ दिवसांपर्यंत क्वारंटाइन करू शकतात. एकदा घेतली की आयुष्यभर चालते, पिवळं पुस्तक पासपोर्टसोबतच ठेवा.

मलेरियाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरला सांगताना "नंतर बीचवर पण जाणार आहे" हे नक्की सांगा. डॉक्सिसायक्लिनने ऊन फार लागतं, त्वचा भाजते, जंगलात टोपी-शर्टात चालून जातं पण झांजिबारच्या दुपारी नाही. दुसऱ्या गोळ्याही असतात, महाग पण त्रास कमी. आणि बीचवर पोचलो म्हणून गोळ्या थांबवायच्या नाहीत, परत आल्यावरही ठरलेले दिवस घ्यायच्या असतात.

७. बीच निवडताना भरती-ओहोटी बघा

हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको पण पुण्याच्या माणसाला सांगायला हवं. झांजिबारला भरती-ओहोटीतला फरक साधारण ४ मीटरपर्यंत जातो, मुंबईच्या जवळपास. पूर्व किनारा, म्हणजे पाजे, जांबियानी, तिथे तळ उथळ असल्याने ओहोटीला पाणी एवढं मागे जातं की हॉटेलच्या फोटोतला समुद्र गायब, समोर ओला चिखल-वाळू आणि समुद्री शेवाळाची शेती करणाऱ्या बायका. मला ते बघायला आवडलं, पण पोहायचं असेल तर पंचाईत. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला हे सगळ्यात जास्त. उत्तरेला नुंगवी आणि केंडवाला मात्र जवळजवळ दिवसभर पोहता येतं, म्हणून मुलं बरोबर असतील आणि तीनच रात्री असतील तर उत्तरच घ्या. पूर्वेला काइटसर्फिंगवाले जातात, जून ते सप्टेंबर वारा चांगला असतो. तिथे पाण्यात जाताना रबरी बूट घाला, समुद्री साळिंदराचे काटे पायात मोडतात.

गावात फिरताना खांदे-गुडघे झाकलेले बरे, बेटावर बहुतेक सगळे मुस्लिम आहेत आणि बिकिनी बीचपुरती ठीक. रमजानमध्ये गेलात तर दिवसा रस्त्यावर खाणं-पिणं टाळा.

८. शेवटची रात्र स्टोन टाऊनला

स्टोन टाऊन म्हणजे झांजिबारचं जुनं शहर. विमानतळ तिथून अगदी जवळ, नुंगवीहून मात्र दीडेक तास, त्यामुळे परतीच्या दिवशी धावपळ नाही, आणि डायव्हिंग केलं असेल तर ते १८ तासही आपोआप निघून जातात. गल्ल्या एवढ्या अरुंद की गुगल मॅप हात टेकतो. जुने कोरीव दरवाजे बघा, त्यातल्या पितळी खिळ्यांच्या दारांवर हिंदुस्थानी वळण दिसतं. ईशान्येच्या वाऱ्यावर आपल्या किनाऱ्याकडची गलबतं इथे यायची आणि वारा फिरला की परत जायची, शेकडो वर्षं. गुलामांच्या बाजाराच्या जागेवर आता चर्च आहे, तेही चुकवू नका, आनंदाची जागा नाही पण बघायला हवी. आणि क्वीन बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी १९४६ मध्ये याच गावात जन्मला, शिकायला मात्र आपल्या पाचगणीला होता.

संध्याकाळी फोरोधानी बागेत खाण्याच्या गाड्या लागतात. सीफूडच्या सळयांचा भाव आधी विचारा, मग सांगतो म्हणाला तर पुढची गाडी. पण उरोजो नक्की खा, कैरी-चिंचेचं आंबट पिवळं सार, त्यात बटाटा, भजी आणि वर कुरकुरीत चिवड्यासारखं काहीतरी. मी दोन वाट्या घेतल्या आणि तिसरी मागितली तेव्हा त्या मावशींनी पैसे घेतले नाहीत.