बरोक ल्यूट घेऊन मंचावर बसण्याआधी

बरोक ल्यूट म्हणजे सतराव्या-अठराव्या शतकातलं, बोटांनी छेडायचं युरोपियन तंतुवाद्य. ते कार्यक्रमात वाजवणार असाल तर सगळ्यात आधी एक कागद घ्या आणि कार्यक्रमातल्या प्रत्येक सूटसमोर, म्हणजे एकाच स्केलमधल्या नाचांच्या माळेसमोर, त्याचं स्केल लिहा. तारा, नखं, पडदे, शैली, सगळं नंतर. आधी स्केल.

गेल्या नोव्हेंबरात जर्मनीतल्या एका गावच्या चर्चमध्ये मी हे केलं नव्हतं. अठराव्या शतकातला जर्मन ल्यूटवादक-रचनाकार सिल्वियस लिओपोल्ड वाइस याचा डी मायनरमधला सूट वाजवला आणि पाठोपाठ त्याचाच ए मेजरमधला ठेवला होता, कारण दोन्ही मला आवडतात आणि दोन्ही बसलेले होते. आता हिशेब बघा. तेरा जोड्यांच्या ल्यूटला २४ तारा असतात, कारण सगळ्यात वरच्या दोन ‘जोड्या’ एकेरी तारेच्या असतात. बोटं मुख्यतः वरच्या सहा जोड्यांवर चालतात. सातव्या जोडीपासून खालच्या खर्जाच्या तारा बहुतेक मोकळ्याच छेडायच्या असतात, म्हणून त्या त्या स्केलप्रमाणे लावून घ्याव्या लागतात, जशा सतारीच्या तरफा रागाप्रमाणे लावतात. डी मायनरला तो खर्ज जी, एफ, ई, डी, सी, बी फ्लॅट, ए असा उतरतो. ए मेजरला त्यातले जी, एफ आणि सी शार्प हवेत, आणि बी फ्लॅटच्या जागी बी हवा. चार जोड्या, म्हणजे आठ तारा, लोकांसमोर बसून अर्ध्या स्वराने चढवायच्या.

मी चढवल्या. पण आतड्याची तार चढवली म्हणून तिथेच राहत नाही, ती परत खाली येते. शिवाय आठ तारांचा ताण एकदम वाढला की तबलीवरचा भार बदलतो आणि ज्यांना हात लावला नाही त्याही सरकतात. सूटमधला आल्मांद हा नाच संपेपर्यंत खालचा सी शार्प बेसूर झाला होता. थांबून लावला, पुढचा नाच, कूरांत, सुरू केला, पुन्हा थांबावं लागलं. वाइसचं इतकं सुंदर संगीत लोकांपर्यंत तुकड्या-तुकड्यांत पोचलं, याचं मला अजून वाईट वाटतं.

जर्मन संगीतलेखक योहान माटेसोनने १७१३ मध्ये लिहिलं होतं की ऐंशी वर्षं जगलेल्या ल्यूटवादकाची साठ वर्षं तारा लावण्यात जातात. ल्यूटवादक एर्न्स्ट गॉटलीब बारोनने १७२७ मध्ये ल्यूटवरच्या आपल्या ग्रंथात ल्यूटची बाजू घेत त्याला उत्तर दिलं. बारोनचं म्हणणं खरं ठरवायचं असेल तर हे काम घरी, कागदावर करायचं असतं. डी मायनरनंतर एफ मेजर घ्या, एकही खर्जाची तार हलत नाही. जी मायनर किंवा बी फ्लॅट मेजर घेतलं तर फक्त ई उतरवायचा. ए मायनर किंवा सी मेजर घेतलं तर फक्त बी फ्लॅट चढवायचा. एक जोडी, दोन तारा, अर्धा मिनिट. लांबची उडी मारायचीच असेल तर ती मध्यंतरात मारा, आणि मध्यंतर वीस मिनिटांचं मागून घ्या. जुन्या फ्रेंच हस्तलिखितांत तुकडे स्केलप्रमाणे एकत्र लावलेले असतात आणि सुरुवातीला एखादा प्रेल्यूड, म्हणजे आलापासारखा छोटा तुकडा, असतो, ज्यात वादकाचे कान आणि तारा दोन्ही तपासून होतात. तात (आतड्याची तार) वापरली की नायलॉन यावर आपण तासन्‌तास वाद घालतो. त्या लोकांनी कार्यक्रम कसा रचला असता, हे आधी बघायला हवं.

मग वाद्य. द्नी गोतिए किंवा शार्ल मूतों या सतराव्या शतकातल्या फ्रेंच ल्यूटवादकांच्या रचना वाजवणार असाल तर अकरा जोड्यांचं ल्यूट हवं. फ्रांस्वा द ट्रॉयने १६९० मध्ये काढलेलं मूतोंचं चित्र लूव्हरमध्ये आहे, ते एकदा नीट बघा. वाइसच्या प्रौढ रचनांना तेरा जोड्या लागतात. दोन वाद्यं नसतील तर तेरा जोड्यांवर गोतिए वाजवा, मीही वाजवते, पण मग ते कार्यक्रमपत्रिकेत लिहा. बाखचा ल्यूटसाठीचा सूट, बीडब्ल्यूव्ही ९९५ (बाखच्या रचनांच्या सूचीतला क्रमांक), घेणार असाल तर लक्षात ठेवा की त्याच्या हस्ताक्षरातल्या प्रतीत असा एक खालचा जी आहे जो तेरा जोड्यांच्या ल्यूटवर मुळात नाहीच. त्याच काळातल्या टॅबलेचर प्रतीत (टॅबलेचर म्हणजे कुठली जोडी कुठल्या पडद्यावर दाबायची ते दाखवणारी लिपी) तो वरच्या सप्तकात घेतलेला आहे. दोन्हींतली कुठली प्रत वाजवताय ते ठरवा. आणि हो, तो जी मायनरमध्ये आहे, म्हणजे त्याच्या आधी काय ठेवलंय ते कागदावर बघा.

तारांबद्दल माझं मत पक्कं आहे. खर्जाला तांब्याचं वेटोळं असलेल्या आधुनिक तारा लावल्या की स्वर फार वेळ घुमत राहतो, आधीचा स्वर पुढच्यात मिसळतो आणि दर वेळी अंगठ्याने दाबून तो मारावा लागतो. तातीचा खर्ज लवकर विझतो. वाइसने मोकळ्या खर्जासोबत वरच्या तारांवर जे लिहिलंय ते त्या विझण्यामुळेच स्पष्ट ऐकू येतं. परवडत असेल तर तात लावा. नसेल तर कृत्रिम तारा लावा, त्यात पाप नाही, पण खर्ज दाबायचा सराव वेगळा करा. नवी तार किमान आठवडाभर आधी चढवा. सगळ्यात वरची तार तुटण्याच्या बेतात ताणलेली असते, म्हणून तिच्या दोन जादा ठेवा.

नखं कापा. गिटारकडून आलेल्यांना हे जड जातं, पण तीन आठवडे आधी कापा, म्हणजे बोटाच्या मांसाला तारेची सवय होते. थिओर्बो हे ल्यूटच्याच कुळातलं लांब मानेचं मोठं वाद्य नखांनी वाजवतात आणि त्याचा आवाज जवळून खरखरीत लागतो, असं खुद्द वाइसने १७२३ मध्ये माटेसोनला पत्रात लिहिलं होतं. आणखी पुरावा कशाला हवा? करंगळी तबलीवर टेकवा आणि उजवा हात गिटारपेक्षा घोडीच्या बराच जवळ ठेवा.

टॅबलेचरवरूनच बसवा. गिटारसाठी उतरवलेल्या प्रतीत कुठला स्वर कुठल्या जोडीवर, ही माहितीच हरवते, आणि ल्यूटवर स्वराचा रंग त्यावर ठरतो. स्वल्पविराम, फुली, कंस ही अलंकारांची चिन्हं हस्तलिखितागणिक वेगळा अर्थ घेऊन येतात, तेव्हा एका प्रतीची सवय दुसरीवर लादू नका. फ्रेंच तुकड्यांत सलग लहान स्वर थोडे असमान, झुलते घ्यायचे असतात. किती, ते नाचाच्या चालीवरून कानाने ठरवा.

पट्टी: एकटेच वाजवणार असाल तर कुठलीही. कुणाबरोबर असाल तर मधला ए ४१५ हर्ट्झचा की ३९२ हर्ट्झचा हे दोन महिने आधी विचारा. आदल्या दिवशी कळलं तर सगळ्या तारांची जाडी चुकलेली असते.

पडदेही तातीचेच, गाठ मारून बांधलेले, सतारीसारखे सरकणारे. झिजलेला पडदा तार खरखरवतो, तो आठवडाभर आधी बदला. कार्यक्रमात स्केल बदलत असेल तर पडदेही कदाचित केसभर सरकवावे लागतील, म्हणजे पुन्हा तोच कागद. स्केलचा क्रम. मी हे शंभरदा सांगेन.

जागा. दोन तास आधी पोचा, पेटी उघडून वाद्य त्या हवेत राहू द्या. हवेतला ओलावा बदलला की तात सरकते. इंग्लिश ल्यूटवादक टॉमस मेसने १६७६ मध्ये सांगितलं होतं की दिवसा ल्यूट ठेवायचं तर रोजच्या वापरातल्या अंथरुणात, पांघरुणाखाली ठेवावं. मेसचं ऐका. हीटरच्या झोताजवळ आणि खिडकीखाली बसू नका. मांडीवर कोवळ्या कातड्याचा तुकडा घ्या, नाहीतर ल्यूटची गोल पाठ घसरते.

पायाखालचं स्टूल, दिवा, ट्यूनर, पाणी घ्या.

मंचावर स्केल बदलायची वेळ आलीच तर: चढवलेली तार थोडी जास्त चढवा, उतरवलेली थोडी जास्त उतरवा, बोटाने हलकेच ताणून सोडा, मग बघा. जोडीतली मोठी तार आधी, तिच्या वरच्या सप्तकातली नंतर. एखादा छोटा प्रेल्यूड मनाने वाजवून सगळा खर्ज एकदा ऐका आणि मगच आल्मांद सुरू करा.

मार्चमधला माझा कागद तयार आहे. मध्यंतरापर्यंत डी मायनर आणि एफ मेजर, नंतर बी फ्लॅट मेजर. ए मेजर यावेळी नाही.