लाल मुंग्यांची चटणी: वाटण्याआधी मुंग्या मेल्यात का बघा

लाल मुंग्यांच्या चटणीवर लिहिणारे बहुतेक जण ती एकदा चाखून, फोटो काढून परतलेले पाहुणे असतात. 'मुंग्या धुवा, वाटा, झालं.' अहो, वाटणं कुणालाही जमतं. घोळ होतो तो घरटं फोडल्यापासून तव्यापर्यंत.

मुंग्या कोणत्या, तर झाडावर पानं शिवून घरटं करणाऱ्या, तांबूस, लांब पायांच्या. कोकणात आंब्यावरच्या ह्याच मुंग्यांना ओंबील म्हणतात. जमिनीवरच्या मुंग्या घेऊ नका. फवारणी झालेल्या बागेतलं घरटंही नको. उन्हाळ्याच्या तोंडाला जा, तेव्हा घरट्यात पांढऱ्या अळ्या आणि कोष भरपूर असतात. सगळे त्यांना 'अंडी' म्हणतात. चटणीला दाटपणा त्यांनीच येतो.

भल्या पहाटे, थंडाव्यात, नारळाएवढी दोन घरटी फांदीसकट कापून थेट पाण्यानं अर्ध्या भरलेल्या बादलीत बुडवा. एकाच वसाहतीची घरटी शेजारच्या झाडांवरही असतात, सगळी ओरबाडू नका. लांब बाह्यांचा सदरा घाला आणि वर बघताना डोळे जपा. ही मुंगी नांगी मारत नाही. ती चावते आणि चावल्या जागी आम्ल सोडते.

आता खरं काम. पानं पाण्याखालीच एकेक करून उलगडा. पानं सांधणारा पांढरा, कागदासारखा पापुद्रा दिसेल. ते अळ्यांनी काढलेलं रेशीम. ते पाट्यावर वाटलं जात नाही, दातांत अडकतं, आणि खाणारा समजतो की चटणी कच्ची राहिली. चिमटीनं सगळं काढा. मुंग्या पानाच्या कडेला जबडा रोवून बसतात. ओढलं तर धड हातात येतं, डोकं पानालाच राहतं. म्हणून पान पाण्यात हळूहळू हलवायचं. हे सगळं दहा मिनिटांत उरका. मी एकदा तासभर भिजत ठेवल्या होत्या, आंबटपणा सगळा पाण्यात गेला.

मग गाळून घ्या, पण वाळत घालू नका! पहिल्या वेळी मी गाळलेल्या मुंग्या धोतराच्या फडक्यावर पसरल्या आणि चहा घ्यायला आत गेलो. परत आलो तर फडक्यावर अळ्या तेवढ्या उरलेल्या, मुंग्या भिंतीवर. गडचिरोलीतल्या भामरागडकडच्या ज्या माडिया आदिवासी मावशींकडे मी शिकत होतो, त्या पोट धरून हसल्या. "मेल्या नव्हत्या सर, झोपल्या होत्या." थोडा वेळ बुडालेली मुंगी कोरडी झाली की पुन्हा उठते. तेव्हापासून चाळणीतून थेट तापलेल्या लोखंडी तव्यावर, मंद आचेवर, एक मिनिट. पुष्कळ घरी कच्च्याच वाटतात, मी तव्याचा माणूस. मात्र 'कुरकुरीत होईपर्यंत भाजा' हा सल्ला ऐकू नका. आंबटपणा ज्या फॉर्मिक आम्लाचा, ते पाण्याच्याच आसपासच्या तापमानाला उकळून उडून जातं. नाकाला झिणझिण्या आल्या की तवा उतरवा.

पाट्यावर आधी सहा-सात तिखट मिरच्या, आठ पाकळ्या लसूण, बोटाच्या पेराएवढं आलं आणि मीठ बारीक करा. मुंग्या शेवटी. लिंबू किंवा चिंच घातलीत तर मग मुंग्या कशाला आणल्यात?

कोळंबी-खेकड्याची अॅलर्जी असणाऱ्यांनी चवीपुरतीसुद्धा खाऊ नये.

छत्तीसगडमधल्या बस्तरच्या बाजारात हीच चटणी 'चापडा' नावानं पानाच्या दोन्यात मिळते. ओडिशात मयूरभंजच्या काई चटणीला, म्हणजे ह्याच मुंग्यांच्या चटणीला, जानेवारी २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तेव्हापासून सल्ला देणारे आणखी वाढलेत.

भाताच्या पेजेबरोबर खा. दुसऱ्या दिवशी ती धार राहत नाही, लागेल तेवढीच वाटा.